पाच किलो वाटाणे

शपथपत्रात त्याने लिहिलं:
सेव-उसळीची लारी, खंडेराव मार्केटच्या मागे,
महिन्याचं उत्पन्न रुपये अकरा हजार.
खाली सही, दिग्विजय आनंदराव शिर्के.
अक्षर अजून तसंच, र ची शेपटी लांब.

माझ्याकडे कागद नव्हता.
लारीला पगारपत्रक नसतं.
पैसे घ्यायचा क्यूआर कोड आहे,
तो त्याच्या बहिणीच्या नावाचा.
पुरावो छे, बेन? जागृतीबेननी विचारलं,
माझ्याच वकील त्या.
म्हटलं, वाटाणे आहेत.

सात वर्षं, रात्री दहाला,
कोरडे पाच किलो, रविवारी आठ,
बोटाच्या पेरापर्यंत पाणी, वर चिमूटभर सोडा.
पहाटे फुगून झाकण उचलायचे.
किलोमागे वीस प्लेटा.
हे कुणी शिकवलं नाही,
त्या प्लेटा मी विसळल्यात.

न्यायाधीशबाईंनी चष्मा पुसला
आणि पेन्सिलीने मांडायला घेतलं:
पाच गुणिले वीस, गुणिले पन्नास,
वजा पाव, वजा शेव, वजा गॅस, वजा तरीचं तेल,
वजा प्लेटा धुणारा पोरगा.
त्या कामाला पगार असतो
हे मला तिथेच कळलं.

मग शर्वरीची बाजू.
शाळा, रिक्षा, दम्याचा पंप.
दूध अर्धा लिटर?
नाही, बाई. तिला आवडत नाही.
मग लिहिलंत का?
लिहावं लागतं ना, आईनं.
बाई हसल्या नाहीत,
पण दूध खोडलंही नाही.

दोन वर्षांचं भिजत घोंगडं
चाळीस मिनिटांत पिळून निघालं:
महिना आठ हजार, अर्जाच्या तारखेपासून.
तो उठला. म्हणाला, साहेब, पावसाळ्यात
विक्री निम्म्यावर येते.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
जागृतीबेननी टेबलाखालून माझा हात दाबला.
येते, मी म्हटलं.
पाचशे कमी झाले.
जागृतीबेन रिक्षापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

पहिल्या महिन्याचे त्याने रोख आणले,
दहा-वीसच्या नोटा, पुडक्याला रबर.
शर्वरी जमिनीवर बसून मोजू लागली,
मध्येच एक नोट नाकाशी नेली.
तरी, म्हणाली.
आणि पुन्हा पहिल्यापासून,
आकडा विसरली होती म्हणून.