पिवळं वेटोळं

बिरकत अल-मौजला, डोंगराच्या पायथ्याशी,
गॅरेजातला नळ जानेवारीतही कोमट असतो.
वर सैक गावात, पहाटे पाचला,
खल्फान बिन सुलैमच्या बादलीवर साय धरलेली.
बोट लावलं, तर मोडली.

मी हर्णैचा. ट्रॉलरच्या इंजिनांवर हात बसलेला.
होडेकर मेस्त्री म्हणायचे, डिझेलला ठिणगी लागत नाही,
दाब दे, आपसूक पेटतं.
खरंच होतं ते, त्या हवेत.
चावी फिरवली की उजळणारं पिवळं वेटोळं
विझेपर्यंत थांबायचं असतं,
हे मला कळलं पस्तिसाव्या वर्षी, इथे.

"तीन हिवाळे," म्हातारा बोटं दाखवतो.
किटलीभर ऊन पाणी इंजिनावर ओतून
तो रोज ही पिकअप उठवतो.
मग पांढरा धूर, कच्च्या डिझेलच्या वासाचा,
डाळिंबांवर बराच वेळ.
निझव्यात एकाने बॅटरी बदलली,
दुसऱ्याने स्टार्टर.
तिसरा पंपच उतरवणार होता, पैशांवरून राहिलं.

आधी फ्यूज. शाबूत.
मग रिले. मोफिजने चावी फिरवली, टक् वाजलं,
म्हणजे वरून हुकूम सुटतोय.
चावी बंद. चारी प्लगांच्या माथ्यावरची पट्टी काढली,
नट टोपीत ठेवले.
मीटरची एक सळई प्लगच्या डोक्याला, एक इंजिनच्या अंगाला.

माझा मीटर स्वस्तातला.
आतली तार तुटलेली असली की
डाव्या कडेला नुसता 1 दाखवतो.
पहिला प्लग: 1.
दुसरा: 1.
तिसऱ्याचं टोक घासून पुन्हा लावलं. 1.
चौथा: शून्य पूर्णांक आठ.

"वाहिद, वाहिद!" म्हातारा आकडा वाचून खूश.
सांगायला जड गेलं,
की या डबीच्या भाषेत एक म्हणजे मेलेला
आणि शून्याजवळचा तेवढा जिवंत.

आता पेच असा:
थंड इंजिनातून प्लग ओढू नये.
काजळीने धरून ठेवलेला असतो, मोडला तर टोक आत,
मग अख्खं हेड उतरवा, इथे, दगडांवर.
आधी तापव, मग हात लाव.
तापवायला चालू व्हायला हवं,
चालू व्हायला प्लग.
होडेकर मेस्त्रींनी इथे एक शिवी दिली असती,
ती मी दिली. मोफिज हसला, त्याला आता येते ती.

मशिदीपासून उतार आहे.
पट्टी परत बसवली. म्हातारा स्टिअरिंगला, तिसरा गिअर,
मी, मोफिज, आणि नमाजाहून परतणारी दोन पोरं मागून.
क्लच सुटला. गाडी गचकली, खोकली,
आम्हाला धुराने आंधळं केलं, आणि पेटली.

वीस मिनिटं चालवून बंद केली.
प्रत्येकाच्या बुडाशी तेल सोडलं.
पाव आटा सैल, थोडा परत घट्ट, पुन्हा सैल.
"शोय शोय," म्हातारा म्हणत होता,
पान्याला, की मला, की शेळीला म्हणतो तसं.
मेलेले तिघे सहज आले, टोकं सुजलेली,
एकाचं जळून गळालेलं.
जिवंत होता तोच येईना.
पाऊण तास. तळव्यात पान्याची मूठ उमटली.
करकरला तेव्हा वाटलं, गेला.
गेला नव्हता.

वायरने बॅटरीला लावून दाखवला:
पाच मोजेपर्यंत टोक लाल, मग नारिंगी.
म्हातारा हात शेकायला पुढे झाला.

तरी नवे चारही घातले. आधी बोटांनी, मग पाना, हलका.
एक चांगला आहे म्हणून ठेवत नाहीत.
इथे मला आमच्या चार भावांबद्दल काही सुचू लागलं.
मी नट मोजले. तीनच होते.
चौथा टोपीच्या शिवणीत सापडला.

गाडी झटक्यात सुरू झाली, पण ते काही खरं नव्हे.
गरम इंजिन कुणाच्याही हाताला वश होतं.
जुना प्लग त्याने मागून घेतला, तो एकच,
दिशदाशाच्या खिशात टाकला, अजून कोमट असताना.

दुसऱ्या दिवशी, पहाटे पाचला, फोन.
तो बोलला नाही. इंजिन ऐकू येत होतं,
मागे कुठेतरी शेळ्या.
मीही बोललो नाही.
चारही सिलिंडर मोजून घेतले,
मग त्याचा बॅलन्स जाईल म्हणून ठेवला.