सातवी खुर्ची

समितीच्या टेबलावर तीन दिवे आहेत.
ते लावणं हे माझं काम.
हिरवा : बोला. पिवळा : आवरा. लाल : पुरे.
माणशी दोन मिनिटं,
मग समोर बँकेचा वकील असो
की कोंबड्यांच्या कारखान्यातली लव्हर्न टटल.

विधेयक दीड पानाचं.
ज्यूरीत बसणाऱ्याला दिवसाला बारा डॉलर मिळतात,
ते पन्नास करावेत,
आणि त्या दिवसांसाठी मालकाने कुणाला कामावरून काढू नये.
मागे खर्चाचा तक्ता जोडलेला.
सभासद तक्ताच वाचत होते.

लव्हर्नने घडी केलेला कागद उघडलाच नाही.
म्हणाली, नऊ वर्षं झाली. मी सातव्या खुर्चीत होते.
बारातले आठ पेट्रोलला जायचे.
उरलेल्या चारात माझं तान्हं कोण सांभाळणार?
गुरुवारी रात्री फोरमनचा फोन :
सोमवारी दिसली नाहीस तर येऊच नकोस.
शुक्रवारी अकरा जण एका बाजूला, मी एकटी दुसऱ्या.
त्या पोरानं ते केलं असं मला वाटत नव्हतं.
अजूनही वाटत नाही.

मी पिवळा लावला.

तिने दिव्याकडे पाहिलं, वेग वाढवला नाही.
तीन वाजता मी हात वर केला, म्हणाली.
भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याकडे बघत.
मग न्यायाधीशांनी एकेकाला विचारलं,
हाच तुमचा निर्णय?
मी हो म्हटलं. स्पष्ट म्हटलं, त्यांना दोनदा विचारावं लागलं नाही.
साडेचारला मी गाडीत होते.

बारामुखी परमेश्वर, असं धरून चालतो आम्ही या राज्यात.
त्यातल्या एका मुखाचे डोळे घराकडे लागले होते
हे निकालपत्रात कुठल्या रकान्यात बसतं?
तिथे एकच शब्द असतो : एकमताने.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला.
बाई, तुम्ही अर्जावर चौकट कोरी सोडलीय,
बाजूने बोलताय की विरोधात?

ती म्हणाली, मी त्याचं नाव सांगायला आलेय.

दोन मिनिटं झाली होती.
मी लाल लावला. लाल लागला की
माईक आपोआप बंद होतो, तशी सोयच आहे.
तिचे ओठ हलले.
एक नाव, एक आडनाव.

नोंदीत ते नाही.
टेबलाला सर्वांत जवळ मी बसतो.

पुढचे कोण, अध्यक्ष म्हणाले.
लहान उद्योजकांच्या संघटनेचे एक गृहस्थ
टाय नीट करत उठले.
मी हिरवा लावला.