सकाळी सातचं पाणी

समुद्र हाकेच्या अंतरावर होता,
तरी ही बया पाठ फिरवून
थेट वाळवंटाकडे चालू लागली.
गिनीच्या डोंगरातली नायजर.
पुढे बऱ्याच उशिरा तिला समुद्र आठवतो,
पण ते आमच्या पलीकडे.

इथे, देबो सरोवराशी, ती इतकी पसरते
की काठ कुठला ते काठालाच ठाऊक नसतं.
तिथे पाण्यात एक लोखंडी पट्टी उभी आहे.
बाकायने ती एकतीस वर्षं वाचली.
सकाळी सातला आकडा, सेंटिमीटरमध्ये,
फोनवरून बामाकोला.

आता मी वाचते. कादिया कारबेंता.
ऑफिसला कळवलेलं नाही.
रोज उत्तर येतं : धन्यवाद, बाकाय.

वर मारकालाला बांध आहे.
त्याचा आजा तिथे वेठीला होता,
परत आला तो एक खांदा खाली घेऊन.
तिथून कालवे पाणी नेतात, भाताला, उसाला.
राहिलेल्यातलं निम्मं ऊन पितं.
मग आमची जाळी,
मग सोंघाईंचा तो भात, पाण्याबरोबर मान उंचावत जाणारा,
आणि काठावर खोळंबलेली फुलानींची गुरं,
पाणी उतरलं की बुर्गू गवतात शिरायला.

काल हम्मादून विचारायला आला,
गुरं कधी पार घालायची?
चारशे अकरा, मी म्हटलं. अजून चढतंय.
तो थोडा वेळ थांबला. म्हणाला,
बाकाय आकडा सांगण्याआधी खोकायचा.

आमच्याकडे पूर येतो तेव्हा आभाळ कोरडं असतं.
नोव्हेंबर. ओठ फुटलेले, डोळ्यांत धूळ,
आणि पाणी न बोलता उंबऱ्याशी.
हा ऑगस्टचा पाऊस.
दूर डोंगरात पडला, रमतगमत आला.

बाकाय ऑगस्ट सरताना गेला.
म्हणजे हे पाणी पडत होतं तेव्हा तो
अंगणात बसून माझ्यावर चिडला होता,
पट्टीचं शेवाळ घासायचा ब्रश
मीच कुठेतरी टाकला म्हणून.
एखाद्या सकाळी त्याच्या नंतरचं पाणी येईल.
कुठल्या, ते पट्टीवर लिहिलेलं नसतं.
म्हणून मी सगळंच नीट वाचते.

आज चारशे बारा. पाठवला.
धन्यवाद, बाकाय.

होडी ओढताना फळीखाली काही खडखडलं.
ब्रश.
मी टाकला नव्हता.
लुगडं वर खोचून पाण्यात उतरले,
चारशेच्या आकड्यापासून घासायला लागले.