पळासनेरचा नाका

सेंधव्याच्या विश्रामगृहात बैठक झाली.
दोन राज्यं, चार साहेब, काजूची बशी,
नकाशावर लाल पेन्सिल.
ठरलं : माहितीची देवाणघेवाण वाढवायची.

इकडे नाक्यावर रात्री दोनला
हवालदार रुमाल पावरा फोन लावतो
घाटावरच्या गुमान बारेलाला.
"पांढरी पिकअप. मागचा एक दिवा फुटका.
आत्ताच घाट चढली."
बोलतात पावरीत;
त्या बोलीला दोन्हीकडं
कुणी अडवत नाही.

पहाटे गुमानचा आवाज :
धरली. कट्टे निघाले, गोणीत, मिरच्यांखाली.
मग जरा थांबून :
पोरगा तुझ्या मावशीकडचा आहे रे.

रुमाल वही ओढतो.
वेळ लिहितो, गाडीचा नंबर लिहितो.
नात्याला रकाना नाही.
डब्यातली कळण्याची भाकर
तशीच घेऊन
घरी जातो.