पाचशे शब्दांत

प्रिंटरमधली शाई संपत आली होती,
म्हणून शेवटचा परिच्छेद फिकट निघाला.
मी नवं काडतूस शोधायला तळघरात गेले
आणि तेवढ्यात वडील कामावरून आले.

दुलुथमधला मार्च. सरोवर अजून गोठलेलं,
खनिजाच्या बोटी धक्क्याला खिळलेल्या,
आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर
तीन आठवडे मिठाच्या डबीखाली दाबलेलं
कॉलेजचं पत्र.
अभिनंदन पहिल्या ओळीत. आकडा दुसऱ्या पानावर.

आकडा असा, की वडील तो तोंडानं उच्चारत नसत.
नुसतं 'ते' म्हणायचे. 'त्याचं काय करायचं?'
जणू कुणी पाहुणा मुक्कामाला आलाय
आणि जायचं नाव काढत नाहीये.

आई जुन्या पाकिटांच्या पाठीवर बेरजा मांडायची.
इतकं सरकार देईल, इतकं कॉलेज माफ करील,
इतकं कर्ज माझ्या नावावर, इतकं तिच्या,
शनिवारी दातांच्या दवाखान्यात झाडलोट.
हातचा एक, हातचे दोन,
आणि हातचे म्हणून उरायचो ते आम्हीच.
ताळा एकदाही जुळला नाही.

मग शिष्यवृत्त्या.
एक डावखुऱ्यांसाठी: आयुष्यात पहिल्यांदा
मला माझ्या उजव्या हाताचा राग आला.
एक फिनलंडहून आलेल्यांच्या पणतवंडांसाठी:
तिला पणजोबांच्या जहाजाचं नाव हवं होतं.
एक सहा फुटी मुलींसाठी.
आईनं मला दाराच्या चौकटीशी उभं केलं,
डोक्यावर फोनबुक ठेवलं. दोन इंच कमी.
'टाचा उचल की जरा,' म्हणाली,
आणि आम्ही दोघी हसत सुटलो, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

बाकीच्या साऱ्यांचं मागणं मात्र एकच:
तुमच्यावर ओढवलेल्या एखाद्या संकटाविषयी लिहा.
पाचशे शब्दांत.

संकट आमच्या घरचंच होतं, आणायला कुठं जायचं नव्हतं.
कागदगिरणी बंद पडली त्या हिवाळ्याचे पाचशे शब्द केले,
त्याचेच अडीचशे. एका बँकेला शंभरच हवे होते;
शंभरात वडिलांचे फक्त हात मावले.
हळूहळू कळत गेलं,
नुसती 'थंडी' लिहून भागत नाही,
'आम्ही कोट घालून जेवायचो' लिहिलं की भागतं.
जेवलो होतो. दोनच रात्री. पण जेवलो होतो.

मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, हातात काडतूस.
वडिलांनी ट्रेमधला कागद उचलला होता.
बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर ओघळत होता.
वाचताना त्यांचे ओठ हलतात:
'माझे वडील, रॉय किविमाकी, यांनी होडी विकली
आणि त्या रात्री रिकाम्या गॅरेजमध्ये
दिवा न लावता बसून राहिले.'
मी पाहिलं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

बराच वेळ काही नाही. फ्रिज घरघरला, थांबला.
मग त्यांनी खिशातून सुतारी पेन्सिल काढली,
एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला.
'निळी नव्हती,' म्हणाले, 'हिरवी होती.
मागायचंच आहे, तर नीट मागावं.'
शेवटचा परिच्छेद त्यांनी दिव्याखाली धरला,
तिरका केला, लांब धरला,
वाचता आला नाही. विचारलंही नाही.
कागद होता तसा ट्रेमध्ये ठेवला, कोपरे जुळवून.
आयुष्यभर कागदच रचले होते त्या हातांनी.

होडी विकून नऊशे डॉलर आले होते.
होडी विकल्याचं लिहून बाराशे आले.
आईनं पाकिटावर वजाबाकी केली, पुन्हा केली.
वडील म्हणाले, 'आधी ठाऊक असतं
तर होडी ठेवली असती, नुसतंच लिहिलं असतं.'
आणि कोट चढवून रात्रपाळीला निघून गेले,
रस्त्यावरचा बर्फ उपसायला.

माझे अजून एकोणीस हप्ते बाकी आहेत.
तो कागद माझ्याकडे आहे.
पेन्सिलीची 'हिरवी' अजून ठळक.
खालचा परिच्छेद मात्र आता
मलाही वाचता येत नाही.