टाकीमागचं माजघर

सिडकोची एक खोली. तिच्यातच मोरी,
मोरीवर फळी, फळीवर अंथरुणं.
कोपरखैरण्यात आम्ही सहा जण
एकमेकांच्या श्वासावर पाय न देता झोपायचो.

आणि तरी दुपारी तीनच्या सुमाराला
आई पदर खोचून म्हणायची,
मी जरा माजघरात जाऊन येते.

जायची ती गच्चीवर,
सिमेंटच्या टाकीमागे, जिथे सावली
एकाच बाईच्या मापाची पडते.
तांदूळ निवडायला नाही, जपाला नाही.
नुसती टाकीला पाठ लावून बसायची.
आत पाणी हललं की पाठीला कळतं, म्हणे.

पाटणकडच्या घरात होतं तिचं माजघर:
बिनखिडकीचं, कणगीच्या पोटाशी गार.
तिथे ती जन्मली,
तिथेच मार चुकवून लपायची.
ती नऊ वर्षांची असताना धरणाचं पाणी आलं.
माणसं उठली, भांडी उठली, गुरंही उठली.
माजघर तिथेच राहिलं.
शब्द तेवढा
तिच्याबरोबर ट्रकमधून आला.

पाचवीत शब्दार्थ होते.
मी लिहिलं, माजघर: पाण्याच्या टाकीमागची जागा.
केळुसकर बाईंनी लाल रेघ मारली,
वर लिहिलं, घराचा मधला भाग.
आईने विचारलं, काय लिहिलंय? वाचून दाखवलं.
ती बराच वेळ लसूण सोलत राहिली.
मग म्हणाली,
मधलाच तर आहे.

वडलांना असलं काही लागत नसावं.
ते तुर्भ्याला, कांदा-बटाट्यात, पाठीवर गोण्या घ्यायचे.
एकदा डबा घेऊन गेले तर सापडेनात.
टोळीतले अंतूकाका म्हणाले,
कपारीत असंल बघ.
दोन थप्प्यांमधली हातभर फट.
आत वडील, उकिडवे, डोळे उघडे,
कांद्याच्या सालींच्या उजेडात गुलाबी.
मी हाक मारली नाही.
डबा खाली ठेवला,
देवापुढे ठेवतात तसा नाही,
झोपलेल्या कुत्र्यापुढे ठेवतात तसा.

दारावर निवट्या विकायला यायच्या
गावठाणातल्या बामाबाई म्हात्रे.
पाटी उतरवून उंबऱ्यावर टेकायच्या,
सेक्टरच्या इमारतींकडे बघत राहायच्या.
त्यांचं खाजण होतं इथे, एकटीने जाऊन बसायचं.
म्हणाल्या, तुजे आयसचा घर पान्याखाली,
आमचा पानी भरावाखाली.
आणि हसल्या. आईही हसली.
त्या दिवशी निवट्या दोन जास्त मिळाल्या.

आता आम्ही घणसोलीला, बाराव्या मजल्यावर.
ब्रोशरमध्ये एका कोनाड्याला पूजा स्पेस म्हटलं होतं.
तिथे गणपती आहे आणि वायफायचा डबा,
दोघांचाही दिवा चालू असतो.
खोल्या साडेतीन.
तरी रोज संध्याकाळी तळघरात गाडी लावते,
इंजिन बंद करते
आणि उतरत नाही.

समोर खांब, ब सतरा.
भिंतीवर ओल, कालच्यापेक्षा बोटभर वर.
कुणाच्या तरी न्हाणीचं पाणी
पाइपातून माझ्या डोक्यावरून खाली जातं.
अकरा मिनिटं. कधी वीस.
नवऱ्याला सांगते, महापेला अडकले होते.

ह्या जागेला काय म्हणतात, मला माहीत नाही.
गाभारा म्हणावं तर ऑइलचा वास,
आडोसा म्हणावं तर वर कॅमेरा.
आईकडून घ्यावा शब्द
तर तो तिच्या पाठीच्या मापाचा.

काल तळघरात रेंजची एकच काडी होती,
तिच्यावरून आईचा फोन आला.
कुठे आहेस?
खाली, म्हटलं.
ती गप्प. मीही.
पाइपातून पाणी उतरलं, तिलाही ऐकू गेलं असणार.

बस मग, म्हणाली.
भात उशिरा टाकते.