चार ग्रॅम

आधी कँटीनमधला शुक्रवारचा मासा बंद झाला.
मग कँटीन.
मग कुंड्यांना पाणी घालायला येणारी बाई.
रबराच्या झाडानं बरेच दिवस तग धरला,
आमच्या विक्री विभागापेक्षा जास्त.

वॉल्सॉल. बॅरो अँड टिल, वजनकाटे बनवणारे.
दारावर पितळी तराजू, त्याचं एक पारडं
कुणीतरी चोरून नेलेलं,
उरलेलं कायमचं खाली.

सतरा वर्षं मी तिथं काटे तपासले.
वडील कराडला वजनमापं खात्यात होते,
दुकानदारांच्या मापांवर शिक्के मारायचे.
त्यांना वाटे, पोरीनं गादी चालवली.

शेवटच्या वर्षी मजल्यावर आम्ही सहा जण.
हालचाल दिसली तरच दिवे लागायचे.
मान खाली घालून काम करत बसावं
तर अंधार.
मग डेरिक तिकडून हात हलवी, मी इकडून,
एकाच बुडत्या होडीतून दोघांनी
एकमेकांनाच मदतीला बोलवावं तसं.

दर महिन्याला नवा साहेब नवा शब्द आणायचा.
'काढलं' असं कुणी म्हणत नसे.
निरोपाची कार्डं इतकी लागू लागली
की मॉरीननं एकदम वीसचं पाकीट आणलं.
विसावं तिलाच मिळालं.

मी राजीनामा दिला तेव्हा
मला कुणी काढत नव्हतं.
हे घरी समजावणं अवघड गेलं.
"थांबली असतीस तर पैसे देऊन काढलं असतं,"
अविनाश म्हणाला. त्याचा हिशेब बरोबर होता.
पण मला रात्री तीनला जाग यायची,
आणि तब्येत, आईच्या भाषेत, तोळामासा.
तोळ्याचा मासा होईपर्यंत
वाट बघवेना.

निघताना डेरिकनं हातात
एक किलोचं पितळी वजन ठेवलं, मखमली पेटीसकट.
"हे यादीत नाहीये," म्हणाला.
यादी करणारा आधीच गेला होता.

नंतरचे पाच महिने सांगण्यासारखे नाहीत.
कालव्याकाठी चालले.
कपाटं आवरली, विस्कटली, पुन्हा आवरली.

आता मंगळवारी आणि गुरुवारी
ग्रंथालयामागच्या हॉलमध्ये मी बाळांची वजनं घेते.
पगार निम्म्याहून कमी. गाडी विकली.
झोप मात्र अशी लागते
की अविनाश म्हणतो, घोरतेस. घोरत असेन.

इथला काटा बॅरो अँड टिलचाच निघाला.
रोज सकाळी हॉल उघडला की
त्यावर डेरिकचं वजन ठेवून बघते.
चार ग्रॅम जास्त दाखवतो.
दुरुस्तीला यायला आता तिकडं कुणी नाही.
मी वहीत चार वजा करून लिहिते.

बाळं स्थिर राहत नाहीत. आकडा थरथरतो.
तिथं असला काटा मी भंगारात टाकला असता.
इथं थांबते.
बाळाला स्वतःचाच अंगठा सापडतो, पायाचा,
ते क्षणभर थक्क होऊन गप्प बसतं,
तेवढ्यात आकडा टिपायचा.

परवा मरियम आली. असेल एकोणीस वर्षांची.
तीन आठवडे तिचा मुलगा वाढत नव्हता.
काट्याकडे बघायची तिची हिंमत नव्हती,
लसीच्या पोस्टरवर कपाळ टेकून उभी.
"एकशे नव्वद," मी म्हटलं. "वाढलेत."
ती वळली नाही.
"नक्की?"

सतरा वर्षांत
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

नक्की, मी म्हटलं. चुकला असेल काटा
तर गेल्या खेपेलाही तेवढाच चुकला होता,
वाढ खरीच आहे...
हे मी समजावत होते, वडिलांसारखं बोट वर करून,
तेवढ्यात तिच्या लेकानं काटा ओला केला
आणि मी पुसायला कागद शोधेपर्यंत
रांगेतल्या पुढच्यानं भोकाड पसरलं.